कुलपाच्या भोकातलं कुंकू

तेराव्याचे पाहुणे सकाळच्या बसने इंदूरकडे गेले आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. आई मधल्या खोलीत बाबांच्या रिकाम्या खाटेशी बसली होती. मी म्हटलं, "बाबांची पेटी उघडू का?" ती म्हणाली, "उघड. त्यात आहे काय एवढं."

पेटीत खाकी सदरा होता, दाढीचा डबा होता, आणि तळाशी तेलकट फडक्याची पुरचुंडी. सोडली तर पितळी कुलूप. मुठीत मावणारं, पण हाताला वजनदार. मी ते सहज उलटं केलं आणि किल्लीच्या भोकात लाल दिसलं.

कुंकू होतं ते. मी होते तिथे फरशीवर बसले. माणूस गेला, त्याचे दिवस झाले, तोवर मी धड रडलेही नव्हते, कामंच इतकी होती. आणि हे एवढंसं लाल बघून रडू फुटलं. कुलूप नाकाशी धरलं. पितळेचा आंबूस वास, त्याच्याखाली ग्रीसचा, आणि त्याच्याही खाली, खोटं नाही सांगत, भाजल्या सोयाबीनचा.

आम्ही मूळचे धारचे. आजोबा दरबारच्या पागेत खोगिरं शिवायचे. पुढे दरबार उरला नाही, घोडे गेले, पण आऱ्या आणि दाभणं घरात राहिली, आणि खंडेनवमी राहिली. त्या दिवशी आजोबा सगळी हत्यारं चिंचेने घासायचे, लाल फडक्यावर मांडायचे, प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडूचं फूल. चामड्याच्या, चिंचेच्या आणि झेंडूच्या वासाची ती खोली डोळे मिटले की मला अजून सापडते. एकदा पूजा झाल्यावर शेजारचा एकजण तुटलेली वहाण घेऊन आला. "काका, एकच टाका घाला." आजोबा म्हणाले, "आज आरी निजली आहे. उद्या आरती झाली की ये." तो अनवाणी परत गेला. आमच्या घरात हा कायदा होता. पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या आरतीआधी उचलायचं नाही.

बाबा फिटर होऊन देवासला आले ते हा कायदा सोबत घेऊन.

माझं लहानपण म्हणजे तेलाच्या कारखान्याचा वास. तेव्हा शेंगदाणा आणि सरकी गाळायचे. वारा टेकडीकडून आला की आमच्या चाळीत कोणी काही शिजवलेलं नसतानाही भूक लागायची. भोंगा वाजला की बायका तवा चढवायच्या. बाबा घरात शिरायचे ते खोबरेल लावल्यासारखे चमकत, आणि त्यांच्या आधी त्यांच्या कमरेचा आवाज शिरायचा, खुळखुळ. करगोट्याला बांधलेली किल्ली होती ती. याच कुलपाची.

त्या किल्लीमागे गोवर्धन मिस्त्री होता. हाटपिपल्याचा, बोलायला तिखट, मालवी आणि हिंदी मिसळून बोलणारा. त्याने आधीच्या कुठल्या तरी मिलमध्ये काहीतरी पाहिलं होतं. काय ते त्याने कधी सांगितलं नाही, पण इथे आल्यावर त्याने एक रीत पाडली. दुरुस्तीला जो यंत्राच्या आत जाईल त्याने आधी त्या यंत्राच्या बटणांच्या पेटीला आपलं स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्या अंगावर ठेवायची. दुसऱ्या कोणाला ते उघडता येणार नाही, आणि कुलूप आहे तोवर बटण दाबता येणार नाही. "मैं भी नहीं, सेठ भी नहीं, भगवान भी नहीं," असं तो म्हणायचा. कोणी आळस केला तर, "भिया, तेरी घरवाली से पूछ के आ, उसको दूसरा ब्याह करना है क्या?" सगळे हसायचे आणि मुकाट्याने कुलूप लावायचे.

आई म्हणायची, "माझ्या गळ्यात पोत आणि यांच्या कमरेला किल्ली. दोन्ही एकाच जिवासाठी."

भादव्यात डोल ग्यारस, म्हणजे शुद्ध एकादशी, झाली की कारखाना वर्षाच्या दुरुस्तीसाठी बंद व्हायचा. मिस्त्री आधी हाटपिपल्याला जाऊन नरसिंहाची पाषाणाची मूर्ती नदीत तरंगताना बघून यायचा. बाबा त्याला चिडवायचे, "काय भिया, यंदा तुझा दगड तरंगला का?" तो म्हणायचा, "तर गया. साल अच्छा है. अब तू मत डूबना."

कारखाना थांबला की आमच्या चाळीला ऐकू यायला लागायचं. एरवी त्या घरघरीची इतकी सवय असायची की ती आहे हेच कळत नसे. ती गेली की टेकडीवरच्या देवीची घंटा ऐकू यायची, कोणाचा तरी स्टोव्ह, हापशाचा दांडा, पलीकडच्या घरातलं भांडणसुद्धा शब्दाशब्दाने. मला तो महिना फार आवडायचा. बाबा उजेडात घरी यायचे. अंगाला तेलाऐवजी गंजाचा आणि रॉकेलचा वास असायचा.

आणि मग खंडेनवमी. कारखान्यात ती बाबांनीच सुरू केली. आजोबांचं लाल फडकंच मोठं झालं होतं जणू. पान्हे, हातोडे, छिन्न्या, तेलाच्या चोचवाल्या बुधल्या, सगळं चिंचेने घासून पाटांवर मांडायचं. त्या दिवशी आम्हा बायकांना, मुलांना आत सोडायचे. पहिल्या वर्षी मिस्त्रीने विचारलं, "ताले भी रखोगे?" बाबा म्हणाले, "भिया, कुलूप हेच खरं हत्यार. बाकीची यंत्राला राखतात, हे आपल्याला राखतं. पहिलं कुंकू त्यालाच."

तेव्हापासून सगळ्यांची कुलुपं पाटावर मधोमध. दसऱ्याला सकाळी यंत्राचा पहिला फेरा देवाला दाखवायचा, मग आरती, मग हत्यारं उचलायची. वर्षानुवर्षं असंच चाललं आणि कोणाला त्यात काही खटकलं नाही. खटकणार कसं? पूजा झाल्यावर यंत्राच्या आत जायचं कोणाला कारणच नसायचं.

पुढे माळव्यात सोयाबीन आलं. शेतं बदलली, बाजार बदलला, आमच्या चाळीचा वाससुद्धा बदलला. शेंगदाण्याची भूक गेली आणि एक कच्चट, शेंगाळ वास आला. तो आधी नको वाटायचा, मग तोही घरचा झाला. कारखान्यात मोठी यंत्रं आली. त्यातलं एक म्हणजे उंच पोलादी पिंप. तेल काढून उरलेला चोथा त्यात वाफेवर भाजायचा, आणि आत खालच्या अंगाला जाड पाती फिरत राहायची. त्याचं इंग्रजी नाव कोणी घेत नसे. सगळे त्याला कढाव म्हणायचे. बाजूला माणूस वाकून शिरेल एवढं भोक होतं, दुरुस्तीसाठी.

त्याच वर्षी मी बीएस्सी झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आजही मान खाली घालत नाही. निकाल लागला तेव्हा बाबांनी चाळीत पेढे वाटले आणि कारखान्यात तर कित्येक दिवस जो भेटेल त्याला, "आमची केमिस्ट्रीवाली!" शेवटी मिस्त्री वैतागून म्हणाला, "बाबू भिया, अब बस कर. कढाव को भी मालूम हो गया."

दसऱ्याच्या सकाळी आम्ही नवं नेसून कारखान्यात गेलो. ऊन स्वच्छ होतं. फाटकाबाहेर नव्या सोयाबीनचा पहिला ट्रक उभा, त्याच्या टपावर झेंडू. ढोलवाले आलेले. उदबत्ती, ग्रीस, झेंडू, आणि धुतलेल्या फरशीचा ओला वास. आईने हिरवी इरकली नेसली होती, हातात हळदकुंकवाची तबकडी. मी तिच्या शेजारी आरतीचं ताट धरून.

दरवर्षी पहिलं बटण सेठजींच्या घरची बाई दाबायची. त्या वर्षी ती माहेरी गेली होती. सेठजी म्हणाले, "इस बार बाबू भिया की घरवाली दबाएगी. पूजा उन्हीं की चलाई हुई है, और बेटी भी ग्रेजुएट हो गई."

आई एवढी लाजली की तिने पदर दातात धरला. "हे कुठे आहेत? यांना येऊ दे ना."

"नारियल लेने गया होगा," कोणीतरी म्हणालं.

"भाभी, मुहूर्त निकल रहा है."

बाबा कढावाच्या आत होते.

हे मी आज लिहिते आहे. त्या क्षणी तिथे उभ्या असलेल्या एकालाही ते माहीत नव्हतं. कढावाच्या तोंडाला बांधलेली झेंडूची माळ तुटून आत पडली होती, फिरत्या पातीवर. पाती फिरली असती तर देवाची फुलं चोथ्यात तुडवली गेली असती. बाबांना ते बघवलं नाही. बाहेर वहाणा काढून ठेवल्या, कारण पूजलेल्या यंत्रात वहाणा घालून जायचं नाही, आणि वाकून आत शिरले. क्षणभराचं काम. कुलूप? कुलूप पाटावर होतं, कुंकू लावलेलं, फूल वाहिलेलं. आरती व्हायची होती. ते उचलायचं नव्हतं. आणि त्या दिवशी प्रत्येक यंत्रापाशी कोणाच्या ना कोणाच्या वहाणा काढलेल्या. त्यात कढावाशी पडलेल्या दोन वहाणा कोणाच्या नजरेत भरणार?

आईने कढावाच्या हिरव्या बटणाला कुंकू लावलं. मग दाबलं.

मोटर गुरगुरली. ढोल वाजायला लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि आईचा चेहरा बदलला. ढोलातून, टाळ्यांतून, पोलादाच्या त्या जाड भिंतीतून काहीतरी आलं होतं. मला ऐकू आलं नाही, मिस्त्रीला आलं नाही. फक्त तिला आलं. ती ओरडली, "अहो!" आणि तिने बटण पुन्हा दाबलं.

तेच बटण. हिरवं.

आमच्या घरी एकच दिवा होता आणि त्याचं एकच बटण. ज्याने लागतो त्यानेच विझतो. आई ते हिरवं बटण दाबत राहिली, दाबत राहिली, तळव्याने, मुठीने. तबकडी पडली. कुंकू तिच्या मनगटापर्यंत गेलं. "बंद हो! बंद हो गं बाई!" ती यंत्राशी बोलत होती. मी तिच्याकडे बघत होते आणि मला वाटलं तिच्या अंगात आलं. नवरात्र नुकतंच उठलेलं ना, बायकांच्या अंगात येतं. तेवढ्यात मिस्त्रीने तिला खांद्याने ढकललं आणि शेजारचं लाल बटण दाबलं.

मोटर थांबायला वेळ लागतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. जड पाती फिरत फिरत थांबते. ढोलवाला सर्वांत शेवटी थांबला. त्याला कोणी सांगितलंच नाही. मग ती शांतता. दुरुस्तीच्या महिन्यातली शांतता मला आवडायची. ही तीच होती, आणि तिच्यात बाबांचा आवाज अगदी साधा, नेहमीचा आला, "कोण आहे रे तिकडे? माझा पाय अडकलाय."

त्यांचा तो साधा आवाज. त्याने मी जेवढी हबकले तेवढी किंचाळीने हबकले नसते.

डावा पाय गुडघ्याखाली गेला. जीव वाचला. इंदूरच्या दवाखान्यात मिस्त्री भेटायला आला. त्याने खिशातून कुलूप काढून बाबांच्या उशाशी ठेवलं. "ले भिया. तेरा ताला."

बाबांनी ते हातात घेतलं, कुंकवाकडे बघितलं. मी ओल्या फडक्याने पुसायला घेतलं तर त्यांनी हात धरला. "पुसू नकोस. यंदा आरती झालीच नाही. ते अजून पूजेतच आहे."

मिस्त्री भिंतीकडे तोंड करून रडला. पुढच्या वर्षापासून त्याने पाटावर सगळी हत्यारं मांडू दिली, कुलुपं नाही. "ताले को जहाँ टँगा है वहीं कुंकू लगाओ," म्हणाला. बाबांना कारखान्याने स्टोअरमध्ये बसवलं. नव्या पोराला कुलूप देताना ते म्हणायचे, "हे देवाला पण द्यायचं नाही. समजलं ना भिया?"

आईने त्या दिवसानंतर एकही बटण दाबलं नाही. दिव्याचं नाही, पंख्याचं नाही, पुढे मी आणलेल्या मिक्सरचं तर नाहीच. ती पाट्यावर वाटायची. संध्याकाळी अंधार पडला की घरात एकटी असली तर अंधारातच बसायची. आणि दुसरं कोणी बटणाकडे हात नेला की ती कुठूनही ओरडायची, "आत कोणी आहे का?"

कशाच्या आत? दिव्याच्या? पंख्याच्या? सुरुवातीला नातेवाईक हसायचे. बाबा कधी हसले नाहीत. रोज तिन्हीसांजेला आई स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून विचारायची, "आत कोणी आहे का?" मधल्या खोलीतून बाबा म्हणायचे, "आहे गं, आहे. थांब, मीच लावतो." मग कुबडीची टकटक, खाटेपासून बटणापर्यंत, आणि घरात उजेड. इतकी वर्षं. मी कितीदा म्हटलं, "आई, तू दाब ना, त्यांना कशाला उठवतेस?" तर बाबाच मला दटावायचे, "तू गप बस. बीएस्सी आहेस, सगळं तुला कळत नाही."

त्या दोघांनी तो दिवस एकमेकांत बोलून दाखवलेला मी कधी ऐकला नाही. हा रोजचा प्रश्न आणि रोजचं उत्तर, तेवढंच.

मी पुढे पीथमपूरला औषधांच्या कारखान्यात लागले. धार जिल्हा, म्हणजे फिरून आजोबांच्याच मुलखात आले. सुरुवात प्रयोगशाळेत, मग उत्पादनावर. तिथली मशीनं चकचकीत, कढावासारखा कुठलाच वास नाही. पण दुरुस्तीनंतर कोणतंही यंत्र सुरू करायची वेळ आली की मी आधी त्याच्या तोंडाशी जाऊन ओरडायचे, "आत कोणी आहे का?" पोरं हसायची. "मॅडम, इतने से डिब्बे में कौन होगा? भूत?" मी म्हणायचे, "भूत असलं तरी आधी बाहेर काढ. मग बटण." माझ्या मागे मला 'भूतवाली मॅडम' म्हणायचे. म्हणू देत. माझ्या हाताखाली कोणी आत राहिला नाही.

आज दुपारी कुलूप पदरात घेऊन मी कारखान्याकडे चालत गेले. फाटकाला साखळी. आत बाभळी. कढाव भंगारात गेला असावा, जिथे होता तिथे आभाळ दिसलं. मी जाळीशी नाक लावून उभी राहिले. वास नाही. शेंगदाण्याचा नाही, सोयाबीनचा नाही. एका गावाचा एवढा मोठा वास असा कसा संपतो? एका बकरीने माझ्याकडे बघितलं आणि चरायला लागली.

परत येईपर्यंत तिन्हीसांज झाली. टेकडीवर दिवे लागले होते. आमचं घर अंधारात. मी अंगणात आले आणि उघड्या दारातून आई दिसली. बटणापाशी उभी होती.

"आत कोणी आहे का?" तिने विचारलं.

मी ओ देणारच होते. पण तो प्रश्न मला नव्हता. तिची पाठ माझ्याकडे होती, तोंड मधल्या खोलीकडे. ती थांबली. खाटेवरून उठून, कुबडी शोधून, दारापर्यंत यायला माणसाला जेवढा वेळ लागेल तेवढी थांबली. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "अहो, आत कोणी आहे का?"

पाल चुकचुकली. बाकी काही नाही.

आईने हात वर केला. बोट बटणावर टेकवलं. मी मुठीतलं कुलूप इतकं घट्ट धरलं की त्याची कडी तळव्यात रुतली. तिने बटण दाबलं.

दिवा लागला. ती दचकली. मग उजेडात त्या खाटेकडे बघत उभी राहिली, बोट तसंच बटणावर. दाराबाहेर मी उभी होते. आत खरंच कोणी नव्हतं.